काकूला बंद कोणी केलं?

...आणि वर मलाच विचारतात, हात कशाला लावलास! अहो, लावीन नाहीतर काय करीन? माझ्या नावाचं होतं ते! तुम्ही कुणाच्या घरी गेलात, तिथे तुमच्या नावाची पाटी दिसली आणि पाटीखाली लिहिलंय ‘चालू आहे’, तर तुम्ही काय पाटीला नमस्कार करून पुढे जाल? नाही ना? मग! मी फक्त बंद केलं. एवढंसं बटण, एवढंसं दाबलं. आता त्यापायी एक घुबड जन्मभरासाठी काणं झालं, त्याला माझा काय इलाज?

थांबा. असं मधूनच सांगितलं की लोक माझ्याकडे असे बघायला लागतात... हां, तसेच, तुम्ही आत्ता बघताय ना, अगदी तसेच. पहिल्यापासून सांगते.

तर मी भरतकाम करते. हाताने नाही हो, मशीनवर. शाळेच्या खिशांवरचे बिल्ले, हॉटेलच्या टॉवेलांवरची नावं... एका दातांच्या डॉक्टरने तर दवाखान्याच्या पडद्यांवर दाढा भरून घेतल्या माझ्याकडून. काय सुरेख दाढा आल्या होत्या, किडलेली एक नाही! आता मशीनला काय कळतं दाढ कशी असते? ते तिला कॉम्प्युटर सांगतो. त्यात एक प्रोग्राम आहे, आपण चित्र काढायचं, तो त्याचे टाके करतो आणि वायरीतून मशीनला सांगत बसतो, इकडे टोच, तिकडे टोच, आता दोरा बदल. आणि हा माझा कॉम्प्युटर, तुम्हाला सांगते, एका भर दुपारी ‘टुक’ म्हणाला आणि गेला. नुसतं टुक! इतकी वर्षं एकत्र काढली, निदान दोनदा तरी म्हणायचं...

आणि गेला कधी? तर ताईचं काम हातात असताना! ताई म्हणजे माझी थोरली बहीण. तिची मुलगी मुलींच्या फुटबॉल संघात गोलकीपर. संघाचं चिन्ह घुबड. रविवारी सामना, आणि सगळ्या जर्सींवर छातीशी घुबड भरून द्यायचं मी कबूल केलेलं. ताई कशी बोलते माहितीये? फोन उचलला की ‘हॅलो’ नाही, ‘कशी आहेस’ नाही, सरळ, “तुझ्याच्याने होणारेय ना? नसेल होणार तर आत्ताच सांग हो, मी दुकानात देईन.” दुकानात देईन! लहानपणापासून हेच. मी पोळी लाटायला घेतली की, “तुझ्याच्याने होईल ना?” मी सायकल शिकायला घेतली की, “तुझ्याच्याने होईल ना?” मी लग्नाला उभी राहिले तेव्हासुद्धा मागून हळूच... जाऊ दे. तर ह्या वेळी मी ठरवलं होतं, घुबडं अशी देईन, अशी देईन, की ताईची वाचाच बसेल.

दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने कॉम्प्युटरचं झाकण उघडलं, आत फुंकर मारली, स्वतःच शिंकला, आणि म्हणतो, “काकू, ह्याच्यात आता काही राम नाही. नवीन घ्या.” म्हटलं, घेते बाबा, माझा प्रोग्राम चालेल ना त्याच्यावर? तर हसला! “इतका जुना प्रोग्राम? नवीन कॉम्प्युटर त्याला ओळखसुद्धा दाखवणार नाही.” म्हणजे बघा, पायाशी मशीन ठणठणीत, हातात जर्सी, डब्यात दोरे, आणि मधला तेवढा नाही. आमचे हे पेपर वाचत होते. म्हटलं, अहो, माझा कॉम्प्युटर गेला! पेपराआडून आवाज आला, “हं. किती वाजता येणारेय?” ...घरात माणूस आहे, पण नाहीये.

मग मी समोरचीकडे गेले. समोरची म्हणजे आमच्या दारासमोर भाड्याने राहते ती मुलगी. एकटी असते, कुठल्याशा कंपनीचं काम घरून करते, मोज्यांच्या जोडीतला एक कायम खुर्चीवर वाळत असतो, दूध संपलं की दोन-दोन दिवस काळी कॉफी पिते. तिने मला ह्यातलं काही सांगितलेलं नाही, पण माणसाने लक्ष ठेवलं की समजतं. तिच्यासमोर मी जी रडले, जी रडले... तर ती स्क्रू ड्रायव्हर घेऊन थेट माझ्या घरात! कॉम्प्युटरच्या पोटात हात घातला, एक चपटी डबी बाहेर काढली आणि म्हणते, “काकू, हा मेलाय, पण ह्याची डिस्क शाबूत आहे. नवीन काही घेऊ नका. मी माझ्या कॉम्प्युटरमध्ये तुमचा जुना कॉम्प्युटर बसवते.”

कॉम्प्युटरमध्ये कॉम्प्युटर! मी तिच्या कपाळाला हात लावून बघितला. ताप नव्हता.

तिच्या टेबलाखाली एक काळा खोका आहे, रात्रंदिवस घूं करत असतो. मला वाटायचं पाणी तापवायचा असेल. तर तो कॉम्प्युटर! आणि त्याच्या पोटात म्हणे आणखी कॉम्प्युटर आहेत. वाकून बघितलं, हलवून बघितलं... म्हटलं, कुठे गं? म्हणाली, “तसे दिसत नाहीत काकू. ते खरे नाहीतच. व्हर्च्युअल मशीन म्हणतात. खऱ्या कॉम्प्युटरची थोडी मेमरी, थोडी जागा काढून द्यायची, आणि त्याला वाटू द्यायचं, की आपण एक अख्खा वेगळा कॉम्प्युटर आहोत.” म्हटलं, म्हणजे आहे का नाहीये? तर म्हणते, “आहे, पण नाहीये.”

आहे, पण नाहीये! ऐकलंत? मला हे समजायला अजिबात वेळ लागला नाही. बाहेरचे लोक ह्यासाठी वर्ग लावतात म्हणे. माझा संसार झालाय तसल्याच माणसाबरोबर.

तर तिने त्या चपट्या डबीतलं सगळं उतरवून घेतलं आणि त्या खोक्यात माझा जुना कॉम्प्युटर उभा केला. स्क्रीनवर एक चौकट, चौकटीत माझं जुनं चित्र, माझा प्रोग्राम, सगळं जागच्या जागी! अहो, गेलेलं माणूस दारात उभं राहावं तसं वाटलं. मी म्हटलं, ह्याला सांगितलंस का, तो गेलाय ते? म्हणाली, “नाही, त्याला माहीतच नाही. त्याला वाटतं तो अजून तुमच्या टेबलावरच आहे.” तेव्हापासून मी त्या चौकटीसमोर जपून बोलते हो. उगाच मेल्या जिवाला धक्का कशाला!

“केवढ्याला पडलं गं हे तुला?” म्हटलं.

“फुकट आहे काकू.”

“चोरीचं?”

“नाही हो! ओपन सोर्स असतं हे. जगभरातली माणसं मिळून बनवतात आणि सगळ्यांना देऊन टाकतात. आत कसं बनवलंय तेसुद्धा उघडं ठेवतात. कुणीही आत डोकवावं, चूक दिसली तर सांगावी, जमलं तर दुरुस्त करून द्यावी.”

मी मटकन खाली बसले. त्या मोज्यावर. म्हटलं, अगं, जन्मभर मी दुसरं काय केलं? लोकांच्या घरात डोकावले, चूक दिसली तर सांगितली, जमलं तर दुरुस्त करून दिली, एक पैसा मागितला नाही! त्या लोकांना जगभर मान, आणि मला काय म्हणतात? भोचक!

असो. माझी मशीन वॉचमनने आणि ह्यांनी मिळून समोरचीच्या बाहेरच्या खोलीत नेली. म्हणजे वॉचमनने नेली, हे मागून “सांभाळून, सांभाळून” म्हणत आले. वायर त्या खोक्याला जोडली, आणि तिने ती वायर आतल्या खोट्या कॉम्प्युटरच्या हातात दिली. कशी दिली ते विचारू नका. पण दिली, आणि मशीन टकटकटकटक सुरू! वायर खरी, मशीन खरी, दोरा खरा, आणि हुकूम देणारा... आहे, पण नाहीये!

एकदा फक्त घोळ झाला. माऊसचा बाण त्या चौकटीत शिरला आणि बाहेर येईना. इकडे ओढते, तिकडे ओढते, चौकटीच्या कडेला जाऊन धडकतो बिचारा! मी ओरडले, “अगं, आत अडकला गं!” ती स्वयंपाकघरातून म्हणते, “कंट्रोल आणि ऑल्ट एकदम दाबा, सुटेल.” दाबलं. सुटला! दोन बटणांत सुटका! आणि आम्हाला हे कुणी वेळेवर सांगितलं नाही...

आता मी रोज तिच्याकडे बसायची. घुबडं होत होती. आणि मशीन टकटक करत असताना माणसाने बघायचं कुठे? समोर स्क्रीन. स्क्रीनवर डाव्या बाजूला सगळ्या खोट्या कॉम्प्युटरांची नावं. म्हटलं, ओळख तरी करून दे. तर लाडाने सांगायला लागली. “हा वॉचमन, बाहेरून येणाऱ्याला अडवतो.” म्हटलं, आपल्या वॉचमनला दाखव गं एकदा, निदान बघून तरी शिकेल. “हा कारकून, माझं ऑफिसचं काम करतो, रोज स्वतःच्या नकला काढून ठेवतो, काही गेलं तर असाव्यात म्हणून. हा पाहुणा, काही नवीन करून बघायचं तर ह्याच्यात करायचं, पसारा झाला की पुसून टाकायचा.” पुसून टाकायचा! पाहुणा! काय सोय आहे हो! “आणि हे आजोबा, म्हणजे तुमचा.” आणि त्याच्याखाली एक पाचवं नाव.

काकू.

म्हटलं, आणि ही? तर कानाच्या पाळ्या लाल. “ती... ती अशीच आहे. चहा घेणार?”

अशीच आहे! अहो, माझ्याकडून कुणी काही लपवायचं तर निदान नीट लपवावं. मी विषय बदलला. म्हटलं, एवढे सगळे ह्या एका खोक्यात राहतात, जागा पुरते? तर म्हणाली, “तीच तर गंमत आहे. प्रत्येकाला सांगितलंय की तुला मोठी जागा आहे. खरं म्हणजे सगळ्यांची मिळून तेवढी जागा नाहीच.” म्हटलं, ही फसवणूक झाली! “अहो, सगळे एकदम थोडेच पसरणारेत? आणि पसरायला लागलेच, तर मला कळतं.” कोण सांगतं? “कळतं,” म्हणाली, आणि चहा ठेवायला पळाली.

मग एके सकाळी मी डब्यात दोरे घेऊन तिच्याकडे निघाले, तर दार उघडं होतं... म्हणजे, मी उघडलं. आत ती फोनवर ऑफिसातल्या कुणाशी बोलत होती. आणि काय बोलत होती? मी तिच्याच आवाजात सांगते: “अरे, काकूला विचार ना, तिला सगळं माहीत असतं! कोण आलं, कोण गेलं, कोण किती खातंय... सारखी डोकावत असते सगळ्यांकडे. आणि जरा कुठे खुट्ट झालं की बोंब! हो रे, फार कटकट करते, पण...”

आणि मी तिथून निघाले. तुम्हाला शपथेवर सांगते, आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाचं बोलणं अर्धवट ऐकून निघाले. पहिल्यांदा! आणि तेच नडलं. लोक उगाच म्हणतात दुसऱ्याचं ऐकू नये. ऐकावं! पण पूर्ण ऐकावं!

घरी आले. डोळ्याला पदर. ह्यांना म्हटलं, अहो, तिने त्या खोक्यात माझ्या नावाची एक बाई ठेवलीय, आणि ती सगळ्यांकडे डोकावते म्हणे! मी अशी आहे का? म्हटलं, अहो, मी अशी आहे का? तर पेपर हलला. हसत होते! त्या वेळेला बरे होते, नाहीतर एरवी नसतात!

दुसऱ्या दिवशी समोरची दातांच्या डॉक्टरकडे गेली. माझ्याच दाढांवाल्या डॉक्टरकडे, मीच पाठवलं होतं. जाताना म्हणाली, “काकू, तुमची चौकट चालू आहे, बाकी कशाला हात लावू नका हं.” मी ‘हं’ म्हटलं. मनापासून म्हटलं. पण मशीन टकटक करतेय, घुबडाचा पंख भरून होतोय, आणि समोर सारखं ते नाव. काकू. चालू आहे. काकू. चालू आहे. किती वेळ बघणार? मी त्या नावावर बाण नेला. एक यादी उघडली. त्यात ‘बंद करा’ असं होतं. दाबलं. तर ते विचारतं, “नक्की बंद करायचं?” अहो, स्वतःच्या नावापुढे असा प्रश्न! मी मनगट धरून नाडी बघितली. मग दाबलं.

झालं काहीच नाही. खोका घूं करत राहिला, आजोबा टाके सांगत राहिले. म्हटलं, बघा, हिच्यावाचून कुणाचं काही अडलं नाही. आणि तेच मला जास्त लागलं, काय सांगू.

शनिवारपर्यंत सगळ्या जर्सी झाल्या. एक राहिली, भाचीची, गोलकीपरची. ती मुद्दाम शेवटी ठेवली होती, घरची म्हणून चांगला रेशमी दोरा. ताईचा सकाळी फोन, “झालं का? तुझ्याच्याने...” म्हटलं, ताई, संध्याकाळी घेऊन जा! असा ठेवला फोन! घुबडाचे पंख झाले, चोच झाली, डावा डोळा झाला, काय टपोरा डोळा... मशीन उजव्या डोळ्याकडे निघाली, आणि थांबली.

टक. आणि काही नाही. आजोबांची चौकट, जिथली तिथे गोठलेली. आणि त्याच क्षणी आतल्या खोलीतून किंकाळी, “काकूऽऽ!”

“काय गं?”

“तुम्ही नाही!”

धावत बाहेर आली. “सगळे थांबले! वॉचमन थांबला, कारकून थांबला, माझं अख्खं ऑफिस फोनवर आहे... डिस्क भरली! काठोकाठ! अशी कशी भरेल? काकू ओरडली कशी नाही? काकू कुठे गेली?”

“अगं, मी इथेच...”

“तुम्ही नाही हो, ती काकू!” आणि तिने स्क्रीनकडे बघितलं. नावापुढे लिहिलेलं, ‘बंद’. मग तिने माझ्याकडे बघितलं. मी घुबडाकडे बघितलं. घुबडाने एका डोळ्याने आम्हा दोघींकडे बघितलं.

“काकू... काकूला बंद कोणी केलं?”

म्हटलं, “काकूने.”

मग समजलं. तो कारकून रोज स्वतःच्या नकला काढून ठेवायचा ना, त्या जुन्या झाल्या की उचलून फेकायचं काम त्या काकूचं. कुणी जास्त पसरतंय, जागा संपत आलीय, हे ओरडून सांगायचं कामही तिचंच. ती गप्प झाली, नकलांवर नकला साचल्या, जागा संपली, आणि सगळे जिथल्या तिथे उभे! एक मी बंद पडले तर अख्खं घर बंद पडलं!

समोरचीने झरझर काय काय केलं. पाहुणा पुसला. नकला फेकल्या. जागा झाली. आणि सगळे पुन्हा सुरू, थांबले होते तिथून पुढे! आजोबांना तर पत्ताच नाही, मधे काही झालं म्हणून! म्हणाली, “काकू, काही बिघडलं नाही, तुमचा उजवा डोळा आता होईल पूर्ण.”

पण होणार कसा? ती किंचाळली तेव्हा मी घाबरून जर्सी मशीनमधून ओढून बाहेर काढली होती हो! कापड ताणून धरणाऱ्या रिंगेसकट! आता ती परत बसवायची, तर केसभर इकडे झाली की डोळा चोचीत, केसभर तिकडे झाली की कपाळावर. खोटे कॉम्प्युटर सगळे जागेवर आले. खरी जर्सी होती, तीच तेवढी आली नाही.

संध्याकाळी ताई आली. मी ते घुबड सगळ्यांत खाली घडी करून ठेवलं. ताईने वरच्या दोन उलगडल्या, “हं” म्हणाली, आणि घेऊन गेली. ताईचं ‘हं’ म्हणजे पुढचा हप्ता उद्या. मी घास गिळला नाही.

रविवारी दुपारी फोन. मी उचलला आणि हात लांब करून धरला. पलीकडून, “अगं, ते घुबड!”

म्हटलं, झालं. आता दुकान निघणार.

“अगं, शेवटच्या घटकेला पेनल्टी! समोरच्या संघातली एक धिप्पाड मुलगी चेंडू मारायला आली. हिच्याकडे बघते, तर छातीवरचं घुबड तिला डोळा मारतंय! तिला जे हसू फुटलं, जे हसू फुटलं... चेंडू दांडीवरून थेट पार्किंगमध्ये! जिंकलो! मुद्दाम केलंस ना तू? मानलं बाई तुला. पुढच्या वर्षी सगळ्यांनाच एका डोळ्याची करून दे!”

जन्मात पहिल्यांदा ताईने माझं कौतुक केलं. आणि केलं कशाचं? मी बंद असताना झालेल्या कामाचं! मी ‘हो, मुद्दामच’ म्हटलं. काय करणार? माझं कौतुक आहे, पण नाहीये.

समोरची रागावली का? छे. मीच तिच्याकडे पातेलंभर सूप घेऊन गेले, डॉक्टरने पुन्हा बोलावून दाढ काढली होती तिची. म्हटलं, अगं, त्या दिवशी फोनवर ‘कटकट करते, पण...’ म्हणालीस. पण काय? तर तोंडात कापूस तसाच ठेवून म्हणते, “पण ती नसेल तर माझं एक दिवस चालणार नाही.” मी सूप ठेवलं, तिचा मोजा उचलला, घडी केली. दुसरा सापडला नाही, पण सापडेल. लक्ष आहे माझं.

मग तिने मला स्क्रीनवर दाखवलं. काकू चालू. आणि म्हणाली, “आता मी काळजी घेतलीय. काकूला बंद करायची सोयच काढून टाकलीय. कुणी कितीही दाबलं तरी काकू बंद होणार नाही.”

इतका आनंद झाला मला! धावत घरी आले. म्हटलं, अहो, ऐकलंत का, तिने काकूला बंद करायचं बटणच काढून टाकलं!

पेपर खाली आला. चष्मा वर गेला. आणि आमचे हे, इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे पूर्ण लक्ष देऊन म्हणतात,

“म्हणजे इतके दिवस बटण होतं?”

...आणि गेले परत पेपरात. तिथेच बसलेत बघा. आहेत, पण नाहीयेत.